मकूचा कचरा

आधीच सांगते. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलीय आणि तिचा शेवट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

कुणाला पटवून द्यायला लिहीत नाहीये. नाही पटलं तर सोडून द्या, माझं काही म्हणणं नाही.

फक्त अमावास्या, मध्यरात्र असलं काही शोधू नका. हे घडलं भर दुपारी. बंगळुरूत, सी. व्ही. रामन नगरमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. खाली भाजीवाला ओरडतोय, वरच्या घरात मिक्सर फिरतोय, अशा वेळी.

यंदाच्या जानेवारीपासून. रोज एक वाजून दहा मिनिटांनी.

नीला मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. चौसष्ट वर्षांची. सणावारी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते, त्या भागातली सगळी मराठी घरं तिच्याच पोळ्या खातात. रत्नाकर काका सरकारी कारखान्यात होते, ड्रॉइंगच्या रेकॉर्ड विभागात. ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती झाली की नव्या प्रतीवर नंबर घालायचा, नोंद करायची आणि जुनी प्रत परत मागवून फाडून टाकायची. दोन प्रती फिरत राहिल्या की घोटाळा होतो, असं त्यांचं म्हणणं. छत्तीस वर्षं हेच केलं. माणूस सरळ, प्रेमळ, पण घरातल्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख चिकटवणार.

आणि मकरंद. आमचा मकू. त्यांचा एकुलता एक.

मकू बेळ्ळंदूरला नोकरी करायचा आणि ऑफिसजवळच प्राणेश नावाच्या मित्राबरोबर राहायचा. घर त्याच शहरात, पण त्या ट्रॅफिकमुळे महिन्यातून दोनदा आला तर आला. म्हणून रोज दुपारी डबा उघडला की आईला फोन.

"आई, जेवलीस का?"

मग तो तिकडे खातोय, ही इकडे खातेय. बोलायला फारसं काही नसायचंच. एक दहाला फोन यायचा, दीडला बंद. आमच्या घरात सगळे चिडवायचे, बत्तीस वर्षांचा घोडा झाला तरी आईबरोबर जेवतो म्हणून.

दोन वर्षांपूर्वी, होळीच्या आदल्या दिवशी, तो कामासाठी बाईकवरून बोम्मसंद्र्याला गेला. होसूर रोडवर ट्रकची धडक बसली. दीडच्या सुमाराला.

एक दहाला त्याचा फोन येऊन गेला होता.

मावशीने उचलला नव्हता.

फोन सायलेंटवर होता, असं तिने सगळ्यांना सांगितलं. आम्ही मान हलवली. आणखी काय विचारणार?

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच किडा. तो काय सांगणार होता? जेवताना मध्येच थांबायची आणि विचारायची, "अहो, काय सांगायचं असेल हो त्याला?" काका ताटात बघत राहायचे.

आता मकूने करून ठेवलेला उद्योग सांगते.

नव्वदच्या दशकात काका तीन वर्षं ओडिशात होते, कारखान्याच्याच कामावर. मावशी इथे एकटी, मकू दोन-अडीच वर्षांचा. पत्र लिहायला हात रिकामा कुठे असायचा? ती स्वयंपाक करता करता टेपरेकॉर्डरचं बटण दाबून ठेवायची आणि भरलेली कॅसेट काकांना पोस्टाने पाठवायची. त्यात तिचं बोलणं, कुकरची शिट्टी, मकूचा हट्ट, "बाबांना सांग काय खाल्लंस ते", सगळं यायचं. अशा तेरा कॅसेट्स.

मकूने त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. उतरवून झाल्याबरोबर काकांनी मूळ कॅसेट्स रद्दीत दिल्या. नवी प्रत आली, जुनी रद्द. सवयच ती.

मकूने मग त्यांचा टॉरेंट केला. टॉरेंट म्हणजे काय, तर फाईल कुठल्या कंपनीच्या कपाटात ठेवायची नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्या मशीनवरून, ज्याला हवी त्याच्या मशीनवर ती थेट जाते. तुकड्या-तुकड्याने. त्यासाठी एक चिमुकली फाईल असते, तिच्यात नुसती यादी. काय आहे, किती आहे, कुठे विचारायचं. लोक त्यावरून सिनेमे चोरतात. आमच्या मकूने त्यावर आईच्या कुकरची शिट्टी ठेवली.

ती यादीची फाईल त्याने आम्हा सगळ्या भावंडांना आणि मित्रांना मेल केली. "घ्या रे, घ्या गं. प्रत्येकाकडे एकेक प्रत राहू दे." टॉरेंटला नाव दिलं होतं, 'मकूचा कचरा'.

घेतली का कुणी?

नाही. मीसुद्धा नाही. "करते रे, शनिवारी करते," म्हणाले होते. तो मेल कधी डिलीट झाला मला आठवतही नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

अपघात झाला तेव्हा त्याचा लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत होता. पोलिसांनी परत दिला तेव्हा आतल्या डिस्कचे दोन तुकडे झाले होते. म्हणजे त्या आवाजांची एकही प्रत जगात उरली नव्हती.

हे नीट ध्यानात ठेवा. एकही नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी प्राणेश घरी आला. हा धारवाडचा, मराठी मोडकंतोडकं पण मनापासून बोलतो. आल्या आल्या खाली मान घालून बसला.

"काकू, जुनं मेल साफ करत होतो. मकरंदचं हे मिळालं. मी कधी उघडून बघितलंच नाही. माझं चुकलं, काकू."

त्याने काकांच्या कॉम्प्युटरवर एक फुकटातलं छोटंसं सॉफ्टवेअर टाकलं. टॉरेंटची ती यादी उघडून दाखवायचं आणि तिच्यात दुरुस्ती करू द्यायचं, एवढंच त्याचं काम. यादी उघडली.

कॅसेट एक. कॅसेट दोन. कॅसेट तीन...

तेरापर्यंत सगळ्या होत्या. आणि त्यांच्या खाली आणखी एक ओळ होती.

'आईसाठी'.

"ही चौदावी कुठली?" काका म्हणाले. "कॅसेट्स तेराच होत्या. माझ्याकडे नोंद आहे."

प्राणेशने टॉरेंट बनवल्याची तारीख काढली. अपघाताच्या आधीचा ऑगस्ट. सात महिने आधी.

मावशी उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली. "मला ती ऐकायचीय."

"काकू, ही यादी आहे फक्त. सामान नाही. ज्याच्याकडे सामान आहे, तो कुठेतरी चालू असला पाहिजे."

"मग चालू करा ना."

कुणाकडेच नाही, हे प्राणेशला ठाऊक होतं. पण मावशीच्या तोंडाकडे बघून त्याच्याने सांगवलं नाही. 'कुणाकडे आहे' हे जिथे विचारायचं, ते यादीतले पत्ते केव्हाच बंद पडले होते. त्याने त्या सॉफ्टवेअरमध्ये जुने पत्ते खोडले, हल्लीचे चालू पत्ते घातले आणि दुसऱ्या एका सॉफ्टवेअरवर डाउनलोड लावून दिलं.

"स्वल्प दिवस चालू ठेवा, काकू. बघू."

पडद्यावर आकडा होता. देणारे: शून्य.

दुसऱ्या दिवशी काका बँकेत गेले होते. मावशी ताट घेऊन कॉम्प्युटरसमोरच बसली. तिने पहिला घास घेतला, आणि...

देणारे: एक.

ती बघतच राहिली. बाजूची हिरवी पट्टी सुईएवढी पुढे सरकली. मग आणखी एक सुई.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

दीड वाजता परत शून्य.

तिने कुणाला फोन केला नाही. ताट तसंच हातात धरून बसून राहिली. हात वाळून गेला, म्हणाली.

मग रोज तेच. एक दहाला एक. दीडला शून्य. रविवारी, दुसऱ्या शनिवारी, लाइट जाऊन आली तरी. तेवढ्याच वीस मिनिटांत जे यायचं ते येणार, थेंब थेंब.

आठवड्याने आणखी एक गोष्ट सुरू झाली. मकूची आतली खोली बंदच असते. त्या बंद दाराआडून, एक दहाला...

टक्.

स्टीलच्या डब्याचं झाकण निघाल्यासारखं.

मावशीला वाटलं, आपले कान वाजतायत. पण धुणंभांडी करणारी यल्लव्वा एकदा दुपारी उशिरापर्यंत थांबली होती. तिने ओट्यापाशी उभं राहून हळूच विचारलं, "अक्का, ओळग यार ऊटा माडाकत्तार?" आत कोण जेवतंय?

मावशीने दार उघडून दाखवलं. आत कुणी नव्हतं. पलंग, कपाट, खुर्ची, बस्स. यल्लव्वाने त्यानंतर दुपारचं येणं सोडलं, आता सकाळी सातलाच येऊन जाते.

पुढच्या रविवारी काकांनी प्राणेशला बोलावून घेतलं. देणाऱ्याचा पत्ता त्या डाउनलोडच्या खिडकीत दिसतो. एक दहाला आकडा आला, तसा तो पुढे वाकला.

"कुठला आहे?" काकांनी विचारलं.

"अंकल, हा बाहेरचा पत्ता नाही." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "तुमच्या राउटरनं दिलेला आहे. म्हणजे... घरातलाच."

घरात होतं काय? कॉम्प्युटर, दोघांचे दोन फोन आणि टीव्ही. प्राणेशने दोन्ही फोन बंद केले, स्वतःचाही केला, टीव्हीची वायर भिंतीतून उपटली.

देणारे: एक.

दीड वाजला. शून्य.

मावशीने कॉफी पुढे केली. तो उठला, "सरी, बरं काकू, येतो," म्हणाला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला. त्यानंतर जे काही विचारायचं ते फोनवर.

तुम्ही म्हणाल, या दोघांना भीती नाही वाटली? मीही विचारलं होतं. मावशी माझ्यावर उखडली. "भीती? अगं, माझं लेकरू ते. त्याची कसली भीती?"

फेब्रुवारीत एकेक कॅसेट पुरी व्हायला लागली. दोघं संध्याकाळी शेजारी बसून ऐकायची. तीस वर्षांपूर्वीची मावशी कढई घासतेय आणि मध्येच म्हणतेय, "अहो ऐकताय ना, तुमचा मुलगा आज पायरीवरून पडला, पण रडला नाही." मागून मकू, "ललो होतो! मी ललो होतो!" काका चष्मा पुसायचे, परत पुसायचे. हसायचेसुद्धा दोघं. दोन वर्षांत त्या घरात हसू आलं नव्हतं.

तेरा पुऱ्या झाल्या. मग चौदावीला सुरुवात झाली.

टॉरेंटचे तुकडे क्रमाने येत नाहीत. कुठला मधलाच आधी येतो, कुठला शेवटी. न आलेल्या जागी वाजवताना नुसती शांतता. मावशीला दम कुठला? पहिल्याच दिवशी तिने अर्धीमुर्धी वाजवली.

"आई..."

शांतता. काहीच नाही.

"...ऐकतेस ना?"

मोठ्या मकूचा आवाज. बत्तीस वर्षांच्या मकूचा. मावशीने पदराचा बोळा तोंडात कोंबला, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

मग रोज दीड वाजून गेला की वाजवायची. रोज एखादं भोक बुजलेलं असायचं. आज श्वास. उद्या "अगं". परवा चमच्याचा आवाज. ती एका वहीत लिहून ठेवायची आणि मध्ये रिकामी जागा सोडायची.

महाशिवरात्रीच्या आसपास मधलं एक मोठं भोक बुजलं. तिने बटण दाबलं, आणि...

"फोन नाही उचललास म्हणून रडत बसू नकोस, आई. हात कणकेचे होते तुझे. मला माहितेय."

मावशी जागच्या जागी थिजली.

कारण ते खरं होतं. फोन सायलेंटवर नव्हता. तो समोर ओट्यावर वाजत होता, त्यावर 'मकू' असं नाव दिसत होतं. होळीच्या साठ पोळ्यांची ऑर्डर होती, कोपरापर्यंत हात कणकेत होते. तिने मनात म्हटलं, 'करेल परत.' आणि मळत राहिली.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. काकांनाही नाही. देवापुढेसुद्धा तोंडातून काढलं नव्हतं.

आणि ही फाईल त्याच्या सात महिने आधीची.

तिने प्राणेशला फोन लावला. नंतर कुणी यात भर घातली असेल का?

"होत नाही, काकू. प्रत्येक तुकड्याची खूण त्या यादीत आधीच लिहिलेली असते, ऑगस्टमध्येच. केसभर फरक असला तरी सॉफ्टवेअर तो तुकडा घेतच नाही." मग त्याने विचारलं, "का? काय म्हणतो तो?"

मावशीने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी तिने काकांना खरं सांगितलं. काका बराच वेळ तिचा हात हातात घेऊन बसले. "मला तेव्हाच समजलं होतं," म्हणाले. "मी घरी आलो तेव्हा फोनवर कणकेची बोटं उमटली होती. पोलिसांचा फोन तू तशाच हातांनी उचलला होतास. सायलेंटवर असता तर तो तुला ऐकू कसा आला असता? मीच पुसला तो."

काय माणसं असतात बघा. दोन वर्षं दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली.

फाल्गुन लागला तोवर सगळं मिळून नव्व्याण्णव टक्के झालं होतं. चौदावीचं फक्त शेपूट राहिलं होतं. शेवटचे शब्द ऐकू यायचे ते असे...

"आणि एक सांगायचं होतं, आई..."

पुढे एकोणीस सेकंद काहीच नाही. मग फाईल संपायची.

तेच. तेच तर तिला ऐकायचं होतं. दोन वर्षं जेवताना मध्येच थांबून ती जे विचारत होती, ते त्या एकोणीस सेकंदांत होतं. दोन-तीन दिवसांत येईल, असं प्राणेश म्हणाला.

आणि मध्येच त्याचं दुसरं श्राद्ध आलं.

मी आदल्या रात्रीच्या गाडीने पुण्याहून आले होते. घरात पंधराएक माणसं. सकाळी भीमाचार्य गुरुजी येऊन विधी करून गेले. जेवणं झाली की सगळ्यांना कॅसेट्स ऐकवायच्या, असं काकांनी ठरवलं होतं. स्पीकर जोडला, खुर्च्या मांडल्या.

एक वाजून गेला तशी मावशी कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. मला जवळ बोलावलं. "बघ हं आता. येईल."

एक दहा.

देणारे: शून्य.

एक पंधरा. शून्य.

आतल्या खोलीचं दार मी मुद्दाम कान देऊन ऐकत होते. काही नाही. डब्याचा आवाज नाही. काहीच नाही.

दीड वाजला. मावशी माझा हात घट्ट धरून बसली होती, तो हळूहळू सैल झाला. तेव्हा तिचं लक्ष वरच्या ओळीकडे गेलं. जिथे रोज 'मकूचा कचरा' लिहिलेलं असायचं, तिथे वेगळंच नाव होतं.

'कै. मकरंद रत्नाकर देवस्थळी'.

"अहो," ती म्हणाली, "हे कुणी लिहिलं?"

काका पुढे आले. "मी लिहिलं, नीला. सकाळी. लोक येणार, पडद्यावर बघणार. आपल्या पोराची शेवटची वस्तू, तिला कचरा काय म्हणायचं? बघवेना मला. म्हणून त्या दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट नाव घातलं आणि ती नवी यादी लावली."

"आणि जुनं?"

"ते रद्द केलं. दोन-दोन कशाला ठेवायची?"

मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाली, "त्याला कशाला कळवलंत हो? इतके दिवस येत होता ना? जेवत होता ना इथे? तो गेलाय ते कशाला कळवलंत त्याला?"

काकांना आधी समजलंच नाही. आणि समजलं तेव्हा ते पंधरा माणसांदेखत मटकन खाली बसले. लहान मुलासारखे रडले. मी काकांना असं कधी पाहिलं नव्हतं आणि परत बघायचं नाही.

मी प्राणेशला फोन लावला. त्याने कपाळावर हात मारलेला मला इकडे ऐकू आला.

"अक्का, पत्ते बदलले तर चालतं. नाव बदललं की तो टॉरेंट दुसराच होतो. जुन्याचा याला पत्ता लागत नाही, याचा जुन्याला लागत नाही. मी सांगायला पाहिजे होतं. नाव कोण बदलतं? मला वाटलंच नाही."

"परत पहिलं नाव घातलं तर?"

"तर काहीच झालं नाही असं होईल. एकदम पहिल्यासारखं."

आलेल्या फाईली कॉम्प्युटरवर जशाच्या तशा होत्या, तेवढं नशीब. प्राणेशने त्याच्या मेलमधला मूळ टॉरेंट परत पाठवला. आम्ही तो लावला. 'मकूचा कचरा'. फोनवरून त्याने एकेक अक्षर, एकेक आकडा ताडून बघितला. सगळं बरोबर. नव्व्याण्णव टक्के.

"आता यायला काही हरकत नाही," तो म्हणाला.

नाही आला.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. होळी झाली, पाडवा झाला, रामनवमी झाली. मावशी रोज ताट घेऊन बसायची आणि अन्न तसंच परत यायचं. वजन किती उतरलं तिचं. काका समोर यायचेच नाहीत, गॅलरीत बसून राहायचे. दोघं एकमेकांशी बोलायची तीसुद्धा औषधापुरती.

एप्रिलच्या शेवटी मावशीचा फोन आला. "येऊन जा. आजच्या आज निघ."

मला वाटलं, काकांना काही झालं. मिळेल त्या बसने निघाले आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता पोहोचले. मावशीने मला खुर्चीवर बसवलं. काकाही आत आले आणि मागे उभे राहिले.

एक वाजून दहा मिनिटं झाली. बंद दाराआडून...

टक्.

मी स्वतः ऐकलं, शपथ घेऊन सांगते.

पडद्यावर देणारे शून्यच होतं. पण त्याच्या खालच्या ओळीत आकडा होता.

घेणारे: एक.

पत्ता तोच, घरातला. त्याच्यापुढे त्याच्याकडे किती आहे ते लिहिलेलं असतं. दोन टक्के.

"पहिल्या दिवशी शून्य होतं," मावशी कुजबुजली. "शून्य गं. माझ्या मकूकडे सगळं होतं. त्यानेच तर दिलं मला. आता त्याच्याकडे काहीच नाही. पहिल्या कॅसेटपासून घेतोय."

आम्ही तिघं बघत होतो. आमच्याकडून तिकडे काहीतरी जात होतं. सुईसुईने. तीस वर्षांपूर्वीची मावशी, कढई, कुकरची शिट्टी, सगळं.

"तो विसरलाय," काका म्हणाले. श्राद्धानंतर औषधाखेरीज तिच्याशी ते पहिल्यांदाच काही बोलले. "आठवून घेतोय."

मावशीने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी सरकवून त्यांना जागा करून दिली.

तिला आता वेगळाच घोर लागला होता. सगळं घेऊन झालं की तो जाईल. डाउनलोडच्या सॉफ्टवेअरमध्ये किती वेगाने द्यायचं ते ठरवता येतं. तिने ते शोधून अगदी तळाला नेऊन ठेवलं होतं. "पोट भरलं की उठेल गं तो. म्हणून थोडं थोडं वाढते."

मी प्राणेशला विचारलं, शंभर टक्के कधी होईल?

"होणार नाही, अक्का. तुमच्याकडे नव्व्याण्णव आहेत. तो शेवटचा तुकडा आता कुणाकडेच नाही. तो घेत घेत नव्व्याण्णवला येईल आणि थांबेल. बाकीच्यासाठी वाट बघत राहील."

"किती दिवस?"

"कायमच."

मी हे मावशीला सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल. ते एकोणीस सेकंद कधीच मिळणार नाहीत, हे तिला सांगत होते मी. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. तिने लगेच उठून वेग होता तेवढा पुरता वाढवला.

"घे रे राजा," म्हणाली. "घे हवं तेवढं."

मेच्या मध्यावर तो नव्व्याण्णवला पोहोचला. आणि थांबला.

आता तिकडून काही येत नाही, इकडून काही जात नाही. तरी तो रोज एक दहाला येतो. वीस मिनिटं थांबतो. दीडला जातो. मावशी आणि काका दोघंही तिथेच ताटं घेऊन बसतात. मावशीचं वजन वाढलंय. परवा फोनवर हसतसुद्धा होती. "सगळं छान चाललंय," म्हणाली.

मला मात्र जेवण जात नाही. आई म्हणते, त्याला मोकळा करा, कॉम्प्युटर बंद करा. तिचं बरोबर असेल. पण मावशीला हे सांगायचं कुणी? मी तर नाही सांगणार. वेळेवर एक प्रत घेतली असती तर ही वेळच आली नसती.

मावशी आता ते एकोणीस सेकंद मागत नाही. ते सापडू नयेत, अशीच तिची इच्छा आहे. पण तो मागतोय. रोज येऊन मागतोय. आईला काय सांगायचं होतं, ते आता त्यालाही माहीत नाही.